खा-खा सुटते ती आळसामुळे नव्हे

‘स्किझोफ्रेनिया झाला की माणूस आळशी होतो, नुसतं खात बसतो, म्हणून सुटतो.’ हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की रुग्णालाही ते खरं वाटू लागतं.

खरी गोष्ट गोळीत आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही या आजारावरची औषधं मेंदूतल्या हिस्टामिन व सेरोटोनिन या निरोप नेणाऱ्या रसायनांच्या काही ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे ही रसायनं जिथे चिकटतात त्या जागा) अडवतात. परिणामी पोट भरल्याची खूण नीट उमटत नाही. तासाभरापूर्वी पोटभर जेवलेला माणूस रात्री दोन वाजता फ्रिज उघडून उभा असतो, आणि त्याला खरोखरच भूक लागलेली असते. अशा वेळी ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणणं म्हणजे तहानलेल्याला थुंकी गिळायला सांगणं! वजन सहसा पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने चढतं. म्हणूनच २००४ साली अमेरिकेतल्या मधुमेह व मनोविकार संघटनांनी औषध सुरू केल्यावर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात वजन करायला सांगितलं.

सगळा दोष गोळीचा, असंही नाही. गुंगी, उत्साह आटणं, पैशांची ओढाताण, स्वस्त गोड पेयं हे सगळं त्यात भर घालतं. आहारातला बदल आणि चालणं उपयोगी पडतं, पण एकट्या डाएटवर भिस्त ठेवू नये.

वजनाच्या धसक्याने गोळ्या परस्पर बंद केल्या तर आजार उलटण्याचा धोका मोठा. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा: अ‍ॅरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं औषध चालेल का? मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध जोडता येईल का?