आघाडी सरकारचे पतन (खर्च व कर्जाच्या वादातून)

अनेक पक्षांनी मिळून चालवलेले सरकार, पैसा कुठे खर्चावा आणि त्यासाठी किती कर्ज काढावे यावर एकमत न झाल्याने कोसळणे. विधानसभेने विनियोजन विधेयक (तिजोरीतून पैसा काढण्यास परवानगी देणारे विधेयक) किंवा खात्यांच्या खर्चाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारने राजीनामा द्यावा, असा संसदीय संकेत आहे. सभागृहात तशी वेळ क्वचितच येते. वाद त्याआधीच मंत्रिमंडळात पेटतो. वित्त खाते मित्रपक्षाकडे असेल तर लवकर पेटतो.

जर्मनीचे उदाहरण अगदी स्पष्ट आहे. सोशल डेमोक्रॅट, ग्रीन आणि फ्री डेमोक्रॅट यांचे सरकार डिसेंबर २०२१ मध्ये सत्तेवर आले. तेथील राज्यघटनेत २००९ पासून कर्जाला लगाम आहे : केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी तूट) सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.३५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. कोविडसाठी मंजूर झालेली पण न वापरलेली ६० अब्ज युरोंची कर्जमर्यादा सरकारने हवामान निधीकडे वळवली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने ते रद्द केले आणि तिन्ही पक्षांना सांधून ठेवणारा पैसाच गेला. चान्सलर ओलाफ शोल्त्स यांना युक्रेनच्या मदतीसाठी लगाम सैल हवा होता. अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर तयार नव्हते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी शोल्त्स यांनी त्यांना पदावरून दूर केले. १६ डिसेंबरला विश्वासमत २०७ विरुद्ध ३९४ असे गमावले आणि २३ फेब्रुवारी २०२५ रोजी निवडणूक झाली. पुढच्याच महिन्यात घटनादुरुस्ती करून संरक्षणखर्चाचा मोठा भाग त्या लगामातून सोडवण्यात आला.

महाराष्ट्रात हा वाद वेगळे रूप घेतो. केंद्राचे कर्ज बाकी असताना नवे कर्ज काढायचे तर अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला केंद्राची संमती लागते. म्हणजे कर्ज किती, हे बरेचसे दिल्लीत ठरते. मंत्रिमंडळापुढे उरतो तो वाटणीचा प्रश्न. म्हणून इथले भांडण ‘निधीवाटपा’चे असते.

महाविकास आघाडीचे नागपुरात एकच हिवाळी अधिवेशन झाले, डिसेंबर २०१९ चे. पुढची दोन्ही मुंबईत भरली. त्या एकमेव अधिवेशनात, २१ डिसेंबरला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी शेतकऱ्यांसाठी दोन लाख रुपयांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर केली. चारच महिन्यांत कोविडने महसूल आटवला. ४ मे २०२० च्या निर्णयाने विकासखर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला गेला. वित्त खाते राष्ट्रवादीच्या अजित पवारांकडे होते आणि आम्हाला निधी मिळत नाही, ही शिवसेना आमदारांची तक्रार उघडपणे होऊ लागली. शिवसेनेतील एकनाथ शिंदे यांच्या जून २०२२ च्या बंडाला इतरही कारणे होती, हिंदुत्वाचा मुद्दा त्यांत मोठा. पण निधीची तक्रार बंडखोरांनी पुनःपुन्हा मांडली. नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे अपक्ष आमदार आशिष जयस्वाल आणि भंडाऱ्याचे नरेंद्र भोंडेकर हेही शिंदे यांच्यासोबत गेले. २९ जूनला ठाकरे यांनी राजीनामा दिला. जयस्वाल यांनी १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिपदाची शपथ घेतली, आणि त्यांच्याकडे आलेल्या खात्यांत वित्त राज्यमंत्रिपदही होते.

नागपूरला या विषयात स्वतःचे स्थान आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घेण्याचे वचन होते. या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडल्या जातात. अर्थसंकल्पात न बसलेला खर्च त्यांतून पुढे येतो आणि आघाडीत कोणाचे पारडे जड आहे तेही दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये त्या ५५,५२० कोटी रुपयांच्या होत्या. सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात त्या मंजूर होत असताना मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवलेले मोर्चे थकलेले मानधन आणि सोयाबीन-कापसाचा भाव मागत असतात. सरकारच्या हिशेबाचा खरा अर्थ कळायला ते दोन्ही आवाज एकत्र ऐकावे लागतात.

विदर्भाच्या दृष्टीने मूळ अडचण अशी की प्रदेश हा आघाडीचा घटक नसतो. घटकपक्ष पाठिंबा काढण्याचा धाक दाखवू शकतो. प्रदेशाकडे तो नसतो. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष (मागे पडलेल्या भागांच्या विकासातील तूट) ३,१८६.७७ कोटी रुपये ठरवला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. हा अनुशेष दूर व्हावा, म्हणून अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली, तेव्हा ती वाढवली गेली नाही. मार्च २०२१ मध्ये अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले की, राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेवर नेमायच्या बारा सदस्यांची नावे जाहीर करतील, त्या दिवशी मंडळेही जाहीर होतील.