सह्याद्रीच्या प्रजाती-नकाशात गोवा उशिरा का आला?

सह्याद्रीतील वनस्पती आणि प्राणी कोठे सुरू होतात व कोठे संपतात, याचा विचार करताना अभ्यासक या डोंगररांगेचे तुकडे पाडतात, आणि त्यातील एक सीमा गोव्याच्या आसपास मानली जाते. केरळमधील पालघाटाइतकी ठळक खिंड येथे नाही. तरीही येथे बरेच काही बदलते. उत्तरेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा काळा कातळ आहे, तर गोव्याचा बहुतांश भाग त्याहून कितीतरी प्राचीन खडकांवर उभा आहे. त्याहून महत्त्वाचा फरक पावसाच्या कालावधीचा आहे. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन ते चारच असतात. उत्तरेकडे येताना ते वाढत जातात आणि महाराष्ट्रात सात-आठ महिन्यांपर्यंत पोहोचतात. आंबोलीला पाऊस प्रचंड पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळातच. सदाहरित वृक्षाला आणि ओलाव्यावर जगणाऱ्या बेडकाला एकूण पावसापेक्षा हा उरलेला कोरडा काळ अधिक जाचतो, आणि म्हणूनच केवळ सह्याद्रीतच आढळणाऱ्या प्रजातींची संख्या दक्षिणेकडून उत्तरेकडे घटत जाते. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत झां-पिएर पास्काल यांनी १९८० च्या दशकात नकाशे आणि ग्रंथांतून ही गोष्ट स्पष्टपणे मांडली.

पर्वतीय अरण्यांच्या अभ्यासात उंचीला पहिला मान देण्याची परंपरा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्यापासूनची आहे. गोव्यात ती मर्यादितच उपयोगी पडते. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर अनाईमुडी (केरळ) २,६९५ मीटर उंच आहे. गोव्याची सर्वांत उंच शिखरे ११०० मीटरांच्या थोडी वर जातात. निलगिरीतील शोला वने, म्हणजे उंच पठारांवरील खुजी सदाहरित वने, येथे असण्याचा प्रश्नच नाही. येथे प्रजातींची वाटणी ठरवतात ती अक्षांश, दरीतला ओलावा आणि जांभ्या दगडाचे सडे.

मात्र एखाद्या प्रजातीची सीमा गोव्यापाशी संपते असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा ती निसर्गाने आखलेली सीमा आहे की पाहणारे तेथवरच पोहोचले होते, हे तपासावे लागते. त्यासाठी गोव्याच्या राजकीय इतिहासाकडे वळणे भाग आहे.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतीय औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ग्रंथ असामान्य आहे, पण त्याचा आधार बाजारपेठ, वैद्य आणि बंदर हा होता. ते स्वाभाविकही होते, कारण त्या काळी पोर्तुगीजांच्या हाती मुख्यतः तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे किनारी प्रदेश होते. सत्तरी, सांगे, काणकोण हे घाटाला टेकलेले प्रदेश ‘नव्या काबिजादी’ म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे आले. म्हणजे ओर्ताच्या ग्रंथानंतर दोन शतके गोव्याची सत्ता आणि गोव्याचे अरण्य एका हाताखाली नव्हतेच.

या दरम्यान सह्याद्रीच्या वनस्पतींवरचा सर्वांत मोठा ग्रंथ कोचीनमध्ये घडला. मलबारचे डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे यांचा ‘होर्तुस मलबारिकुस’ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला बारा खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती पुरवली, आणि त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या समाजाचे ज्ञान अशा रीतीने मलबारच्या वनस्पतिशास्त्राचा पाया बनले. गोव्याच्या स्वतःच्या डोंगरांना मात्र असा ग्रंथ लाभला नाही.

एकोणिसाव्या शतकात ही तफावत आणखी वाढली. उत्तरेस व पूर्वेस ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्याचे वनाधिकारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ नोंदी करत होते. दक्षिणेचा उत्तर कानडा जिल्हाही १८६२ पासून त्याच इलाख्यात होता. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि थिओडोर कूक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुरा झाला. गोव्याच्या बाजूने १८९८ मध्ये डी. जी. दळगाद यांनी गोवा व सावंतवाडी यांच्या वनस्पतींवर लिहिले. राजकीय सीमा ओलांडून सावंतवाडीचा एकत्र विचार करणे ही त्यांची दृष्टी मला आजही मोलाची वाटते, कारण झाडांना ती सीमा कधीच ठाऊक नव्हती.

१९६१ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपल्यानंतर चित्र पालटले. पुण्याहून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संशोधक गोव्यात येऊ लागले, आणि रोल्ला शेषगिरी राव यांचा गोव्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९८० च्या दशकात निघाला. सालिम अली आणि रॉबर्ट ग्रब यांनी १९७६ मध्ये गोव्याच्या पक्ष्यांचा आढावा प्रसिद्ध केला. खोतीगाव, मोले आणि बोंडला ही अभयारण्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस झाली. म्हादई आणि नेत्रावळी यांना मात्र १९९९ उजाडावे लागले.

सर्वांत बोलकी उदाहरणे ओलाव्यातल्या जिवांची आहेत. देवगांडूळ हा पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर प्रामुख्याने दक्षिणेचा समजला जाई. २००३ मध्ये आंबोलीहून त्याची एक नवी प्रजाती वर्णिली गेली आणि २००७ मध्ये सत्तरीतल्या केरी येथून दुसरी, जिच्या शास्त्रीय नावातच गोवा आहे. २०१५ आणि २०१८ मध्ये बेडकांच्या दोन नव्या प्रजातींना अनुक्रमे ‘गोमंतकी’ आणि ‘गोएंची’ ही नावे मिळाली. हे जीव नवे आलेले नाहीत. त्यांच्याकडे पाहणारे नवे आहेत.

रानजायफळाच्या दलदलींचेही तसेच आहे. पाण्यातून गुडघ्यासारखी मुळे वर काढणाऱ्या या प्राचीन कुळातील वृक्षांच्या दलदली केरळमधून १९६० मध्ये शास्त्रीय साहित्यात आल्या. सत्तरीतल्या बांबर येथील निरंकाराची राय शास्त्रज्ञांच्या नजरेस पडायला त्यानंतर बराच काळ गेला. गावाने ती देवाची म्हणून राखली होती. देवराई राखणाऱ्यांचे हे काम वनखात्याच्या कितीतरी आधीचे आहे आणि त्याची नोंद अभ्यासकांनी अधिक ठळकपणे घ्यायला हवी.

उशिराच्या नोंदीची किंमतही मोजावी लागली. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला; ती केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि महाराष्ट्र या राज्यांतील आहेत, गोव्यातील एकही नाही. खाणींचा रेटा तोवर सत्तरी-सांग्याच्या डोंगरांपर्यंत पोहोचलेला होता. २०२० मध्ये मोले परिसरातून रेल्वेचा दुपदरी मार्ग, वीजवाहिनी आणि रुंद महामार्ग नेण्याचे प्रकल्प पुढे आले, तेव्हा गेल्या काही दशकांत जमा झालेल्या याच प्रजाती-नोंदी विरोध करणाऱ्या नागरिकांच्या आणि संशोधकांच्या हाती होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ च्या अहवालात रेल्वे दुपदरीकरणाचे समर्थन करता येत नाही, असे नमूद केले आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली.