निजो किल्ल्याची जमीन मारेकऱ्यांना पकडण्यासाठी गात नाही

जपानमधल्या क्योतोला जाऊन आलेला प्रत्येक जण ही गोष्ट सांगतोच: निजो किल्ल्यातल्या निनोमारू महालाची लाकडी जमीन मुद्दाम वाजणारी केली, म्हणजे रात्री मारेकरी आला की पहारेकरी सावध व्हावेत. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

बूट काढून ओसरीवर पाऊल टाकलं की चिवचिव ऐकू येते. उगुइसू या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यावरून या जमिनीला 'उगुइसुबारी' म्हणतात. नंतर बाहेर येऊन ओसरीखाली जरूर वाकून बघा. फळ्या धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी आणि त्यांतले खिळे दिसतील. वजन पडलं की फळी किंचित दबते, खिळा पकडीवर घासतो आणि आवाज होतो. हे घासणं वाढलं ते वर्षानुवर्षांच्या झिजेने. किल्ल्याचं अधिकृत स्पष्टीकरणही हेच आहे.

जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएयासू याने १६०३ मध्ये किल्ला उभारला, तेव्हा सुतारांना हवी होती ती घट्ट बसलेली जमीन. मला तर हेच जास्त भावतं. आपण ऐकतो तो चारशे वर्षं चाललेल्या पावलांचा आवाज आहे. तेव्हा तिथे गप्पा थांबवा आणि हळू चाला.