उकडण्याच्या अलीकडे : ऊन पाण्याच्या बीजप्रक्रियेची पार्श्वभूमी

भात आणि गरम पाणी यांचे नाते गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. भात भिजवायचे, मोठ्या भांड्यात उकडायचे, अंगणात वाळवून गिरणीत न्यायचे. सकाळची पेज ज्या उकड्या तांदळाची, तो असाच तयार होतो. पण उकडलेला दाणा रुजत नाही, हेही घरातल्या पोराला ठाऊक असते. त्यामुळे ‘बियाण्यातला रोग मरावा म्हणून पेरण्याआधी ते ऊन पाण्यातून काढा’ असे कुणी सांगितले की शंका येणारच : मग तरवा, म्हणजे लावणीची रोपे, उगवणार कसा? शंका रास्त आहे. या बीजप्रक्रियेचा सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास हा तिचेच उत्तर शोधण्याचा आहे.

उष्णतेच्या आधी आले मीठ. सतराव्या शतकात इंग्लंडच्या ब्रिस्टलजवळ गव्हाचे जहाज बुडाले, खाऱ्या पाण्यात भिजलेला तो गहू काहींनी पेरला आणि आसपासच्या पिकाला काणी (दाण्यांची काळी पूड करणारा बुरशीचा रोग) लागली तरी हा मात्र निरोगी राहिला, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण मिठात गहू भिजवण्याची चाल पडली. (आपण भाताचे बी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवतो, ते मुख्यतः पोचट दाणे तरंगून वर यावेत म्हणून.) १७५५ साली फ्रान्समध्ये तिये याने शेतात वाफे पाडून दाखवून दिले की काणीची काळी पूड निरोगी बियाण्याला लावली की रोग येतो. १८०७ मध्ये प्रेव्हो याने त्या पुडीतले बीजाणू रुजताना पाहिले आणि मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) त्यांना रोखते हेही ताडले. पुढची बरीच वर्षे युरोपातला शेतकरी मोरचुदावर विसंबून होता.

मोरचूद दाण्याच्या सालीवर बसते, आणि ही काणीही सालीवरच चिकटलेली असे, म्हणून ते जमले. काणीची दुसरी जात याला दाद देईना. तिच्यात ओंबी बाहेर पडते तीच काजळी होऊन. वाऱ्याने पूड उडते आणि मागे नुसती काडी उरते. ही मोकळी काणी दाण्याच्या आत, कोंबाला लागून झोपलेली असते. ती तिथे पोचते कशी, हे टास्मानियात मॅडॉक्स याने १८९६ मध्ये दाखवले : पीक फुलोऱ्यात असताना बीजाणू फुलावर पडतो आणि दाण्याबरोबरच बुरशी आत वाढते. असा दाणा दिसायला अगदी टपोरा, चांगला. वरून काहीही चोळा, आतल्या पाहुण्याला त्याची खबर नाही.

त्या काळी आत पोचू शकत होती ती फक्त उष्णताच, हे डेन्मार्कच्या येन्स लुडविग येन्सन याने ओळखले. आधी तो बटाट्याच्या करप्यावर काम करत होता; कंदातली बुरशी उष्णतेने मरते हे त्याने तिथेच पाहिले होते. १८८८ साली ओट आणि बार्लीच्या काणीवरचा त्याचा ऊन पाण्याचा उपाय इंग्लंडमध्ये छापून आला. गव्हासाठी त्यात एक पायरी वाढली आणि माझ्या मते खरी अक्कल तिथे आहे. दाणे आधी चार-पाच तास थंड पाण्यात भिजवायचे. ओल मिळाली की झोपलेली बुरशी जागी होते, आणि जागी झालेली बुरशी उष्णतेला लवकर बळी पडते. मग ५२ ते ५४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे दहा मिनिटे, आणि लगेच गार पाणी. पाणी दोन-तीन अंशांनी उतरले की बुरशी वाचते, तेवढ्याच अंशांनी चढले की कोंब जातो. उकडणे आणि बरे करणे यांच्यात एवढीच फट! चुलीवरच्या भांड्यात ती हाताच्या अंदाजाने सापडत नाही, थर्मामीटरच हवा. उपाय गुणकारी असूनही खेड्यापाड्यांत रुजला नाही, त्याचे कारण हेच.

यावर पंजाबात एक सुरेख तोड निघाली. लायलपूरच्या (आताचे पाकिस्तानातले फैसलाबाद) कृषी महाविद्यालयातले जयचंद लुथ्रा यांनी थर्मामीटर बाजूला ठेवून सूर्याला कामाला लावले. मे-जूनमध्ये सकाळी आठ ते बारा गहू पाण्यात भिजवायचा, नंतर चार वाजेपर्यंत खळ्यावर पातळ पसरायचा. १९३४ मध्ये लुथ्रा आणि सत्तार यांनी हे प्रयोग छापले. मराठीत पाणीही ऊन असते आणि अंगणात पडते तेही ऊनच. येन्सनने पहिले वापरले, लुथ्रांनी दुसरे.

गोव्यात हे दुसरे ऊन मात्र लंगडे पडते. मे महिन्यात पणजीचा पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो आणि हवेत समुद्राचा दमटपणा. घामाने माणूस बेजार होतो, पण दाण्यातली बुरशी मरायला लायलपूरची कोरडी होरपळ लागते. इथे मार्ग उरतो तो पाण्याचाच.

मधल्या काळात रसायनांनी उष्णतेला अडगळीत टाकले. पाऱ्याची औषधे स्वस्त आणि सोपी होती. त्यांचा हिशेब १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये चुकता झाला : पाऱ्याचे औषध चोळलेले, पेरणीसाठी आलेले धान्य लोकांनी दळून खाल्ले. ६,५३० जण रुग्णालयांत दाखल झाले, त्यांतले ४५९ दगावले. तोवर १९६६ मध्ये कार्बोक्झिन आले होते. दाण्याच्या आत शिरणारे हे पहिल्या काही बुरशीनाशकांपैकी एक; मोकळ्या काणीसाठी ऊन पाण्याची गरजच संपली, असे वाटले.

ते पाणी परत आले भाताच्या वाटेने. जपानमध्ये ‘बाकानाए’ म्हणजे वेडे रोप नावाचा रोग आहे. त्यात रोप बारीक आणि उंचच उंच वाढते, मग मरते. (नाशिकचे द्राक्षवाले ज्याला ‘जीए’ म्हणतात ते जिबरेलिन याच बुरशीत सापडले.) तिथले शेतकरी आता कोरडे भात ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे धरतात आणि लगेच गार करतात. गव्हापेक्षा पाणी जास्त कडक चालते, कारण कोरडा दाणा उष्णता अधिक सोसतो. भिजवून रोव (कोंब) आणायला ठेवलेल्या बियाण्यावर मात्र हा प्रयोग केला तर सरळ उकडे भातच हाती येईल. स्वीडनमध्ये हेच काम यंत्रातल्या दमट गरम हवेने होते.

आपल्याकडे या उपायाशी जोडलेला भाताचा रोग म्हणजे उदबत्ता. नाव ऐकताच चित्र उभे राहते : लोंबी पसरतच नाही, फुले एकमेकांना चिकटून राखी रंगाची ताठ उदबत्ती बाहेर येते, दाणा एकही नाही. बुरशी बियाण्यातून येते, म्हणून दहा मिनिटांच्या ऊन पाण्याची शिफारस भाताच्या रोगांच्या पुस्तकांत असते.

विकतच्या प्रमाणित पाकिटापेक्षा हा उपाय जास्त उपयोगी आहे घरात राखलेल्या बियाण्याला : खाजनातले (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातले) कोरगुट भात, खोल्याची मिरची, ताळगावची वांगी. मिरचीच्या बियाण्याला साधारण ५२ अंश आणि अर्धा तास, वांग्याला ५० अंश आणि २५ मिनिटे असे प्रमाण सांगतात. आळसांदे (चवळी), काकडी, दुधी यांच्या वाटेला जाऊ नये, त्यांचे बी बिघडते. जुने बीही सोसत नाही. शंभर दाणे आधी वेगळे काढून पाण्यातून न्यावेत, तितकेच न नेलेले बाजूला ठेवावेत आणि दोन्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून कोंब मोजावेत. सरदाच्या (पावसाळी) पेरणीआधी आठवडाभर वेळ हाताशी ठेवला तर एवढे सहज जमते.