पार्श्वभूमी : संक्रांतीच्या हलव्यापासून जेली बीनपर्यंत

क्रॉफर्ड मार्केटातल्या परदेशी चॉकलेटांच्या दुकानांत आणि मॉलमधल्या सुट्या गोळ्यांच्या काउंटरवर रंगीत जेली बीन दिसल्या की मुलं थांबतात आणि पालक ‘हे परदेशी खूळ’ म्हणून पुढे ओढतात. वास्तविक या गोळीचे दोन्ही भाग मुंबईकरांच्या ओळखीचे आहेत. आतला चिवट गर स्टार्च आणि साखर आटवून करतात. लोकुम ही तुर्की मिठाई अशीच होते आणि आपला कराची हलवाही. त्यात तूप पडतं एवढाच फरक. वरचं कवच तर थेट संक्रांतीच्या हलव्याच्या जातीचं. दादरला जे हलव्याचे दागिने मिळतात, त्यांतला एकेक दाणा मंद आचेवरच्या परातीत थोडा थोडा पाक घालत, हाताने फिरवत फुलवलेला असतो. युरोपात बदामांवर साखर चढवायची रीतही हीच. एकोणिसाव्या शतकात हाताची जागा यंत्रावर फिरणाऱ्या कढईने घेतली. शेवटची चकाकी बहुधा मेणाची किंवा लाखेची असते. लाख किड्यापासून मिळते, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर घटकांच्या यादीत ९०४ हा आकडा शोधा.

मग बदललं काय? खाण्याची वेळ. १८११ मध्ये रशियात किर्खहोफ या रसायनशास्त्रज्ञाने स्टार्चपासून आम्लाच्या साहाय्याने गोड पाक काढला. पुढे हाच ग्लुकोज सिरप गोळ्यांच्या धंद्याचा कणा झाला : स्वस्त, आणि साखरेचे खडे बनू न देणारा. अमेरिकेत जेली बीन बरणीतून काढून वजनावर विकल्या जाऊ लागल्या. इकडे पार्ले कंपनीची सुरुवात १९२९ मध्ये विलेपार्ल्यात झाली ती गोळ्यांपासूनच, बिस्किटं नंतरची. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या साखर कारखान्यानेही १९४२ मध्ये गोळ्या करायला घेतल्या. वर्षातून एकदा हातावर पडणारी साखर आता वाण्याच्या बरणीत बाराही महिने होती.

या बदलाचं मोल मोजलं गेलं ते स्वीडनमध्ये, आणि फार वाईट रीतीने. १९४० च्या दशकात लुंडजवळच्या विपेहोल्म या मतिमंदांच्या संस्थेत दात कशाने किडतात हे पाहण्याच्या प्रयोगासाठी रहिवाशांना मुद्दाम दातांना चिकटतील अशा टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. त्यांची संमती घेतलीच नव्हती. कित्येकांचे दात कायमचे गेले. निष्कर्ष मात्र आजही दंतवैद्य सांगतात. जेवणाबरोबर खाल्लेली साखर कमी त्रास देते. दोन जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा आणि चिकट स्वरूपात खाल्लेली साखर दात किडवते. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं एनॅमल विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो. दर पंधरा मिनिटांनी एक बीन तोंडात टाकणाऱ्याच्या लाळेला उसंतच नाही. आंबट चवीच्या बीनमध्ये वर सायट्रिक आम्लही असतं. स्वीडनमध्ये पुढे ‘गोळ्या फक्त शनिवारी’ असा सल्ला रूढ झाला.

रंगांचा वाद वेगळा. १९५० मध्ये अमेरिकेत हॅलोविनच्या नारिंगी गोळ्यांनी मुलं आजारी पडली आणि तो रंग पुढे बंद झाला. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा सक्तीचा आहे. भारतात ठरावीक कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे, तीही गोळ्यांत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत.

रंगांवर बोलायला लोकांना आवडतं. माझ्या मते मोठा प्रश्न साखरेचाच. १०० ग्रॅम जेली बीनमध्ये सुमारे ३७५ कॅलरी आणि ७० ग्रॅम साखर असते. प्रथिनं, तंतू जवळपास शून्य. वेष्टनावरचं ‘फॅट-फ्री’ खरं आहे, पण त्यात कौतुक कसलं? तूप कधी घातलंच नव्हतं. ३० ग्रॅमची मूठ, म्हणजे साधारण तीसेक छोट्या बीन, २१ ग्रॅम साखर देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली अधिक चांगली मर्यादा मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची आहे, आणि त्यात चहातली साखरही आली.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. सुट्या गोळ्यांना मात्र वेष्टनच नसतं; तिथे घटकांची यादी दुकानदाराकडे मागूनच बघावी लागते.