बिस्मथ टेल्युराइड की अँटिमनी टेल्युराइड?

सोलापुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी टेल्युराइड, म्हणजे टेल्युरियमचं धातूशी झालेलं संयुग, बनवणाऱ्यांनी बाटलीवर चिठ्ठी लावली नाही, तर या दोन पुडी नजरेनं ओळखता येत नाहीत. दोन्ही काळपट करड्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या षट्कोनी चकत्या. कृतीही जवळपास एकच: धातूचं क्लोराइड आणि सोडियम टेल्युराइट इथिलीन ग्लायकॉलमध्ये घ्यायचं, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) १८० अंशांच्या आसपास काही तास ठेवायचं, मग पाण्यानं आणि अल्कोहोलनं धुऊन वाळवायचं.

आतली रचनाही सारखीच आहे. टेल्युरियम-धातू-टेल्युरियम-धातू-टेल्युरियम असे पाच थर मिळून एक पापुद्रा होतो आणि हे पापुद्रे कडक भाकरींच्या चवडीसारखे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. म्हणून चकत्याच तयार होतात. एक्सआरडीत, म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेल्या आलेखात, मात्र अँटिमनीचं मुख्य शिखर बिस्मथच्या शिखरापेक्षा कोनाच्या साधारण अर्धा अंश पुढे सरकतं. ते नीट पाहिलंच पाहिजे.

खरा फरक विजेच्या वागण्यात आहे. अँटिमनीचे काही अणू टेल्युरियमच्या जागी सहज बसतात आणि त्यातून धन वाहक, म्हणजे होल, तयार होतात. त्यामुळे अँटिमनी टेल्युराइड हट्टानं पी-प्रकारचंच (होल वीज वाहून नेतात असं) राहतं. बिस्मथ टेल्युराइडचं तसं नाही. टेल्युरियम जास्त पडलं तर एन (इथे वाहक इलेक्ट्रॉन), बिस्मथ जास्त झालं तर पी. तेव्हा ‘बिस्मथ म्हणजे एन’ हे पाठांतर माझ्या मते घातक आहे. प्रत्येक घाण्याची तपासणी करावी.

तपासणी सोपी आहे. पुडीची दाबून पेलेट, म्हणजे घट्ट वडी, करा, मल्टिमीटरची लाल तार गरम टोकाला आणि काळी थंड टोकाला लावा. एन-प्रकारात इलेक्ट्रॉन थंडीकडे पळतात, गरम टोक धन उरतं, म्हणून मीटर अधिक दाखवतो; पी-प्रकारात उणे. सीबेक गुणांकाचं (तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे मिळणाऱ्या व्होल्टेजचं) चिन्ह मात्र याच्या उलट लिहितात, आणि गल्लत नेमकी इथेच होते. गुणांक अंशाला १०० मायक्रोव्होल्ट धरला, तर ५० अंशांच्या फरकानं ५ मिलिव्होल्ट मिळतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा थंड टोकाचं तापमान गृहीत न धरता मोजूनच लिहावं.

रोध मोजताना दिशाही नोंदवा. पेलेट दाबताना चकत्या आडव्या पडतात आणि वीज पापुद्र्यांच्या लांबीनं सहज, एका पापुद्र्यातून दुसऱ्यात जाताना कष्टानं जाते. कृतीत पीव्हीपी हे पॉलिमर घातलं असेल, तर धुतल्यावरही चिकटून राहिलेलं पीव्हीपी रोध आणखी वाढवतं.