‘प्रिय वैद्य’ लूक आणि पादुआची कबर : पार्श्वभूमी

इटलीतले पादुआ म्हटले की वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती माणसाला संत अंतोनी आठवतात. त्यांच्या बॅसिलिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर सांता जुस्तिना हे दुसरे मोठे देऊळ आहे, आणि त्यातल्या एका दगडी पेटीत शुभवर्तमानकार, म्हणजे येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचा कर्ता मानला जाणारा, लूक विसावला आहे अशी तिथली शतकानुशतकांची श्रद्धा आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये ती पेटी उघडली गेली. तेव्हापासून लूकविषयी जे काही लिहिले जाते, त्यात दात, कार्बन आणि डीएनए हे शब्द येतातच. त्या घटनेमागची गोष्ट मात्र ‘वैद्य’ या एका छोट्या शब्दापासून सुरू होते, म्हणून आधी तो शब्द.

नव्या करारात लूकचे नाव मोजून तीनदा येते, तेही पौलाच्या नावावर असलेल्या पत्रांतच. फिलेमोनाच्या पत्रात तो सहकाऱ्यांच्या यादीत आहे. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात बाकीचे सगळे निघून गेल्यावर एकटा तो पौलापाशी उरला आहे. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी (४:१४) तो ‘प्रिय वैद्य लूक’ म्हणून सलाम सांगतो. या तिन्हींपैकी फिलेमोनाचे पत्र पौलाचेच, याबद्दल अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे. उरलेल्या दोन्हींबद्दल वाद आहे. म्हणजे ज्या पत्राबद्दल खात्री, तिथे ‘वैद्य’ हा शब्द नाही, आणि जिथे तो शब्द आहे त्या पत्राच्याच कर्त्याबद्दल मतभेद आहेत. शुभवर्तमानाचा लेखक स्वतःचे नाव कुठेच सांगत नाही. त्याच लेखकाच्या मानल्या जाणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, पौलाच्या प्रवासात त्रोवस या बंदरापाशी, कथन अचानक ‘ते’ सोडून ‘आम्ही’वर येते, एवढीच त्याची चाहूल. लूकचे नाव या ग्रंथाशी ठामपणे जोडलेले दिसते ते इ.स. १८० च्या सुमारास, ल्योंच्या बिशपांच्या लेखनात.

मूळ ग्रीक शब्द ‘इयात्रोस’. मराठी भाषांतरकारांनी ‘वैद्य’ लिहिले, आणि माझ्या मते ते फार चांगले केले. ‘डॉक्टर’ म्हटले की पदवी, दवाखाना, समाजातले वरचे स्थान असे सगळे डोळ्यांपुढे येते. रोमन साम्राज्यात तसे काही नव्हते. परवाना नव्हता, परीक्षा नव्हती. उपचार करणाऱ्यांत गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम पुष्कळ असत. गुरूच्या हाताखाली राहून शिकलेला, प्रवासात बरोबर असलेला, दुखण्याखुपण्याला धावून येणारा माणूस ‘वैद्य’ या शब्दात नीट मावतो. युरोपातल्या पुढच्या चित्रांत उंची झगा घातलेला जो विद्वान लूक दिसतो, तो चित्रकारांच्या काळातला आहे.

या एका शब्दावर १८८२ मध्ये मोठी इमारत उभी राहिली. डब्लिनच्या एका अभ्यासकाने शेकडो शब्द गोळा करून दाखवले की लूकची भाषा हिप्पोक्रेटिस आणि गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांशी जुळते, तेव्हा लेखक वैद्य असलाच पाहिजे. पुरावा मोहक होता. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या बाईची गोष्टही त्याच्या जोडीला दिली जाई. दुसरा शुभवर्तमानकार मार्क म्हणतो की अनेक वैद्यांच्या हाती तिने सोसले, होते ते सगळे खर्चले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. लूक त्यातला बोचरा भाग गाळतो आणि कुणालाही तिला बरे करता आले नाही एवढेच सांगतो. आपल्या व्यवसायाची लाज राखणारा माणूस, असे वाचकांना वाटणे साहजिक होते.

मग १९१९-२० मध्ये एका अमेरिकन अभ्यासकाने तेच शब्द वैद्यकाशी संबंध नसलेल्या लेखकांत शोधले. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ते सापडले, ज्यू इतिहासकार जोसेफसमध्ये सापडले, विनोदी लेखन करणाऱ्या लूशियनमध्येही सापडले. पुढे त्यानेच दाखवले की असे शब्द घोड्यांवर उपचार करणाऱ्यांच्या लेखनातही आहेत. शिकलेल्या माणसाची साधी ग्रीक, यापलीकडे त्या शब्दसंग्रहातून काही सिद्ध होत नाही. हा निकाल आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. तरीही १८८२ ची यादी प्रवचनांतून अजून फिरते याचे वाईट वाटते, कारण लूकच्या मोठेपणाला तिची गरज नाही. चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्र हे दोन्ही दाखले चारपैकी फक्त त्याच्या शुभवर्तमानात आहेत. शब्दसंग्रहाचा पुरावा पडला म्हणून कलस्सैकरांच्या पत्रातला तो एक शब्द पुसला गेला नाही, हेही तितकेच खरे. वैद्यकाशी त्याचे नाव जोडलेले राहिले ते त्या शब्दामुळे. वेंगुर्ल्याच्या जुन्या मिशन हॉस्पिटललाही त्याचेच नाव आहे.

चित्रकार लूक ही परंपरा बरीच नंतरची. मरियेचे चित्र लूकने काढले ही कथा कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) परिसरात रुजली. पुढे रोम, व्लादिमिर, चेन्स्तोहोवा अशा ठिकाणच्या प्रतिमा त्याच्या हातच्या मानल्या गेल्या. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवरच्या चित्राबद्दलही हीच श्रद्धा आहे. देवदूताचा निरोप, मेंढपाळ, गव्हाणीतले बाळ ही सगळी दृश्ये लूकच्याच शुभवर्तमानात असल्याने शब्दांनी चित्र रंगवणाऱ्याच्या हाती पुढे कुंचला आला असावा. अँटवर्पच्या चित्रकारांच्या संघाने १३८२ मध्ये त्याचे नाव घेतले. डेल्फ्टच्या तशाच संघात १६५३ मध्ये प्रसिद्ध डच चित्रकार व्हर्मीर दाखल झाला.

आता शरीराकडे. शुभवर्तमानाला जोडलेल्या जुन्या प्रस्तावनांनुसार लूक अंत्युखियाचा, म्हणजे सिरियातला. लग्न नाही, मूलबाळ नाही. ८४ व्या वर्षी ग्रीसमधल्या बिओशियात मृत्यू. थीब्ज शहरात त्याची म्हणून दाखवली जाणारी रिकामी दगडी शवपेटी आजही आहे. ती रिकामी का, तर ३५७ मध्ये सम्राटाच्या आज्ञेने लूकच्या आणि आंद्रियाच्या अस्थी कॉन्स्टँटिनोपलच्या प्रेषितांच्या मंदिरात हलवल्या गेल्या. तिथून त्या पादुआला कशा आल्या, याचे उत्तर फक्त आख्यायिका देते: छळाच्या काळात एका पाद्र्याने त्या आणल्या. ११७७ मध्ये सांता जुस्तिनाजवळच्या दफनभूमीत शिशाची पेटी सापडली. १३५४ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने त्यातले मस्तक प्रागला नेले. पंधराव्या शतकात बोस्नियातून लूकचे म्हणून दुसरे शरीर व्हेनिसला आले आणि दोन शहरांत कडाक्याचे भांडण झाले.

१९९२ मध्ये थीब्जच्या ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुखांनी पादुआच्या बिशपांना पत्र लिहिले. आमच्याकडची कबर रिकामी आहे, अवशेषांचा काही भाग द्यावा, अशी विनंती होती. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला गेलेल्यांना या विनंतीचे वजन कळेल; संत झेवियरच्या उजव्या हाताचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला गेला, ही गोष्ट गोव्यात आजही सांगितली जाते. पादुआच्या बिशपांनी काही देण्याआधी तपासणी करायचे ठरवले. हा निर्णय मला धाडसाचा वाटतो. उत्तर विरुद्ध गेले असते तर आठ शतकांची भक्ती उघडी पडली असती, आणि म्हणूनच काहींना तो अनाठायी वाटला. पण ज्याने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यांत सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध केला असे लिहून ठेवले, त्याच्या कबरीशी हेच वागणे शोभते.

पेटीत वृद्ध पुरुषाचा सांगाडा होता, मस्तकाविना. प्रागहून कवटी मागवली गेली आणि ती मानेच्या वरच्या मणक्यावर बसली. पेटीत मिळालेला एक दात तिच्या जबड्यातल्या खाचेत बसला. दाताच्या कार्बन चाचणीने मृत्यूचा काळ इ.स. ७२ ते ४१६ च्या दरम्यान दिला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने प्रश्न मुद्दाम छोटा ठेवला होता: हा माणूस सिरियातला, की वाटेत कुठे अदलाबदल होऊन ग्रीसमधला? सिरियाची शक्यता ग्रीसपेक्षा साधारण तिप्पट निघाली. आजच्या तुर्कस्तानातला माणूस असण्याची शक्यता मात्र नाकारता आली नाही, आणि कॉन्स्टँटिनोपल तिथेच असल्याने, म्हणजे अदलाबदल तिथेही झालेली असू शकत असल्याने, ही पळवाट छोटी नाही. हा सांगाडा लूकचाच आहे असे अभ्यासकांनी म्हटलेले नाही. वर्तमानपत्रांनी मात्र कधी तसे, कधी अगदी उलट छापले.

अभ्यास प्रसिद्ध होण्याआधीच, सप्टेंबर २००० मध्ये, पादुआने थीब्जला हृदयाजवळची एक बरगडी दिली. ती आता त्या जुन्या कबरीपाशी आहे. कवटी प्रागला परत गेली.